ताटाशेजारचा

आबा गेले त्या वर्षी दिवाळी झाल्यावर घरातली जुनी भांडी वाटून घ्यायचं ठरलं. तांब्याचा हंडा थोरल्या काकूनं नेला, पितळी डबे आत्यानं घेतले. मी जर्मनची एक ताटली मागितली. काठ चेपलेला, मधोमध पोचा आणि पाठीवर खिळ्यानं ठोकून काढलेला आकडा: ४३.

"हिचं काय करणार गं? मोडीतसुद्धा कुणी घेणार नाही," आत्या म्हणाली. पण देताना तिनं ती पदरानं पुसून दिली.

आबा जन्मभर त्याच ताटलीत जेवले. घरात स्टीलची ताटं आली, सुनांच्या माहेरची नक्षीची ताटं आली, पण आबांची भाकरी पडली ती तिच्यातच. जेवून झालं की ती ते स्वतः घासत आणि भिंतीला टेकवून पालथी ठेवत. तेव्हा तो आकडा दिसायचा. आम्हा नातवंडांची पक्की समजूत होती की ४३ हा आबांचा बोर्डिंगातला नंबर.

'बोर्डिंग' हा शब्द आमच्या घरात देवघर म्हणावं तसा उच्चारला जाई. आबा १९३३ साली, बारा वर्षांचे असताना, माणदेशातल्या आमच्या गावाहून साताऱ्याला गेले. एक घोंगडं, एक सदरा, पायलीभर बाजरी आणि आईनं बांधून दिलेली चटणी. दोन दिवसांची वाट, काही बैलगाडीनं, काही पायी. तिथं पाटीवर लांबलचक नाव होतं, श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस. आबा मात्र नुसतं बोर्डिंग म्हणत. सातारा जिल्ह्यात त्या काळी तेवढं म्हटलं तरी पुरायचं.

बोर्डिंगातल्या सोबत्यांना आबा मित्र म्हणत नसत, भाऊबंदही म्हणत नसत. भाऊबंद हा मुळात किती आपुलकीचा शब्द, पण बांधावरून डोकी फुटली की आपण म्हणतो भाऊबंदकी. आबांनी आपला वेगळा शब्द केला होता. कुणाची ओळख करून देताना ते म्हणत, "हा माझा ताटाशेजारचा." त्यात सगळं आलं. जात, गाव, घराणं, काहीच सांगायचं उरत नसे.

माझी भाची काही वर्षांपूर्वी अमेरिकेत इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेली. तिथं विद्यार्थ्यांची बंधुमंडळं असतात. त्यांची मोठाली घरं, दारावर ग्रीक अक्षरं, प्रत्येकाची वेगळी खूण, वेगळे रंग, आत घेतानाची शपथ. सगळ्यांत जुनं मंडळ १७७६ साली व्हर्जिनियातल्या एका कॉलेजात निघालं, त्याचं नाव फाय बीटा कप्पा. पण भाचीनं मला फोनवर हरखून सांगितलं ते दुसऱ्याच मंडळाबद्दल. कॉर्नेलमध्ये शिकणारे सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी एका वर्षी सुट्टीनंतर परत आलेच नाहीत. गोऱ्यांच्या त्या जगात त्यांना कुणी धरून ठेवणारं नव्हतं. मग मागे राहिलेल्यांपैकी सात जण एकत्र आले आणि ४ डिसेंबर १९०६ रोजी त्यांनी अल्फा फाय अल्फा हे स्वतःचं बंधुमंडळ स्थापलं. आपल्यातला एकही जण पुन्हा एकटा पडून परत जाऊ नये, एवढ्यासाठी. खूण म्हणून त्यांनी इजिप्तमधला गिझाचा स्फिंक्स घेतला, कारण आपले पूर्वज आफ्रिकेचे आणि तिथली संस्कृती हजारो वर्षांची, हे त्यांना जगाला सांगायचं होतं. पुढे मार्टिन ल्यूथर किंग याच मंडळात आले.

हे सांगून भाचीनं विचारलं, "मावशी, आपल्याकडे असं काही होतं का गं?"

मी स्वयंपाकघरात उभी होते. समोर फळीवर ताटली पालथी होती. मी म्हटलं, "होतं. तुझ्या पणजोबांचं बोर्डिंग." आणि आबांनी ओसरीवर शेंगा फोडता फोडता सांगितलेलं सगळं मला आठवत गेलं.

आबांच्या गोष्टी दोन जातींच्या असत. एक, त्यांनी स्वतः पाहिलेल्या. दुसऱ्या, त्यांना बोर्डिंगातल्या थोरल्या मुलांनी रात्री दिवा मालवल्यावर सांगितलेल्या. दोन्ही सांगताना ते आवाज वेगळा ठेवत. ऐकीव गोष्टीला सुरुवात करताना आधी म्हणत, "ह्ये मी बघितलेलं न्हाई बरं का. मला सांगितलेलं हाय." मीही तोच नेम पाळते आहे.

ऐकीव गोष्टींची सुरुवात कोल्हापुरात होई. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. त्यामागोमाग जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, शिंप्यांचं, सोनारांचं, एकेक वसतिगृह उभं राहिलं आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. खेड्यातल्या पोराला शहरात शाळा होती, पण रात्री पाठ टेकायला जागा नव्हती आणि दोन वेळच्या भाकरीची सोय नव्हती. म्हणून महाराजांनी आधी छप्पर दिलं. त्या त्या जातीतले लोक आपल्या मुलांसाठी पैसा काढायला तयार होते, दुसऱ्यांच्या मुलांसाठी नव्हते. महाराजांनी काळाची ही अडचण ओळखून तिच्यातूनच वाट काढली.

त्यांतल्या जैन बोर्डिंगात कुंभोजला जन्मलेला एक दांडगा मुलगा राहत होता. भाऊराव पायगोंडा पाटील. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं, आधी आंघोळ कर, मग पंगतीला बस. तो म्हणाला, मी आंघोळ करणार नाही. अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. त्यांनी त्याला बोर्डिंगातून काढून टाकलं.

इथे आबा शेंगा फोडायचे थांबत. "एका जेवणावरनं काढलं त्याला. म्हनून त्यानं जल्मभर लोकास्नी जेवायला एका वळीत बसवलं."

पण गोष्ट तिथं संपत नाही, आणि आबांना तिचा पुढचा भाग जास्त प्रिय होता. काही वर्षांनी कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण झालं. लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष दे, असा भाऊरावांवर दबाव आला. ज्या माणसानं आपल्याला ताटावरून उठवलं त्याच्यावर सूड घ्यायची संधी चालून आलेली. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्यांना तुरुंगात टाकलं, छळलं, तरी दिली नाही. लठ्ठे पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. "खोटं बोलून कुनाला बुडवायचं न्हाई, मग त्यो आपला वैरी का असंना," आबा म्हणत. बोर्डिंगात मुलांना ही गोष्ट धड्यासारखी सांगितली जाई.

पुढे भाऊराव किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याचं घर आतून दिसतं. कोणत्या घरात पोरगं हुशार आहे आणि कोणत्या घरात ते गुरांमागे आहे, हे त्यांना दिसत गेलं. इस्लामपूरला शाळेबाहेर बसून शिकणारा एक महार मुलगा त्यांनी पाहिला आणि त्याला उचलून थेट कोल्हापूरला मिस क्लार्क बोर्डिंगात नेऊन घातलं, ही गोष्ट आबांच्या सगळ्या सोबत्यांना पाठ होती. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. पुढे ते 'मूकनायक'चे संपादक झाले आणि मुंबईच्या कायदेमंडळात बसले.

४ ऑक्टोबर १९१९. दसऱ्याचा दिवस. कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. आदल्याच महिन्यात तिथं सत्यशोधक समाजाची परिषद झाली होती, तिच्यातून हा विचार पुढे आला. नाव घेतलं रयत. राजाचं नाही, देवाचं नाही, देणगीदाराचंही नाही. ज्यांच्या कष्टावर राज्य चालतं त्यांचं नाव. १९२४ मध्ये काम साताऱ्याला आलं आणि इथं भाऊरावांनी शाहू महाराजांच्या एक पाऊल पुढे टाकलं. कोल्हापुरात जातवार छपरं होती. साताऱ्यात एकच छप्पर, एकच चूल, एकच पंगत. मराठा, महार, मांग, चांभार, रामोशी, मुसलमान, जैन, कुंभार, ज्याला शिकायचं आहे तो आत.

आत येणाऱ्यांना पोसायचं कसं? गावोगावच्या बायका दळण करताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत, ते गोळा व्हायचं. मुष्टिफंड त्याचं नाव. तरीही मुलं वाढत गेली आणि धान्य पुरेना. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. मुलं त्यांना वहिनी म्हणत. जुन्या वळणाच्या जैन घरातून आलेली ही बाई. तिला आधी सगळ्या जातींच्या पोरांचं करणं जड गेलं असणार, पण नंतर ती त्या पोरांची आईच झाली. भाऊराव देणग्यांसाठी फिरतीवर असायचे आणि घरात धान्य संपायचं. वहिनींनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले. एकदा मुलांच्या तोंडात घालायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी मंगळसूत्र काढून दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. आबा तीन वर्षं उशिरा पोचले. त्यांनी वहिनींना पाहिलं नव्हतं. पण आजी जिवंत असताना दर सणाला, तिच्या गळ्यातला काळ्या मण्यांचा सर पुढे ओढून, आबा म्हणायचे, "ह्याची किंमत बोर्डिंगच्या पोरांस्नी इचारा."

२५ फेब्रुवारी १९२७ ला गांधीजी साताऱ्याला बोर्डिंगात आले. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहताना, जेवताना त्यांनी पाहिली. त्यांच्याच हस्ते बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव मिळालं. ज्या राजानं भाऊरावांना आसरा दिला, त्याचं नाव. महाराज जाऊन तेव्हा पाच वर्षं होत आली होती.

ह्या सगळ्या ऐकीव गोष्टी. आता आबांनी स्वतः पाहिलेल्या.

बोर्डिंग धनिणीच्या बागेत होतं. मागे अजिंक्यतारा. पहाटे उठायचं, प्रार्थना, मग कामं. नोकरचाकर नव्हते. दळण, पाणी, झाडलोट, भाकऱ्या थापणं, शेतातलं काम, सगळं मुलांनीच करायचं. मराठ्याच्या घरचा मुलगा आयुष्यात पहिल्यांदा जात्यावर बसायचा आणि दुसऱ्या बाजूनं खुंटा धरायला महाराचा मुलगा असायचा. आबा सांगत, जातं एकट्यानं ओढवत नाही. समोरच्याचा हात कधी सैल पडतो, कधी जोर लावतो, ते आपल्या हाताला कळतं. महिनाभर एकत्र दळलं की त्या माणसाचा स्वभाव कळतो.

पहिल्या दिवशी मात्र आबांना जेवण गेलं नाही. ते कधी लपवत नसत. गावात लहानपणापासून जे पाहिलं होतं, ते अंगात भिनलेलं होतं. पंगतीत त्यांच्या डाव्या हाताला बसलेला मुलगा फलटणकडचा, महाराचा. आबांनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. त्या मुलानं पाहिलं. तो काही बोलला नाही. त्यानं स्वतःच्या ताटलीतला कांदा मुठीनं फोडला आणि अर्धा आबांच्या ताटलीत ठेवला. "खा. ह्यो कांदा माझ्या आयनं दिलाय," एवढंच म्हणाला.

आबा म्हणत, आईनं दिलेल्या कांद्याला नाही कसं म्हणायचं? त्यांनी खाल्ला. त्या दिवसापासून सहा वर्षं तो मुलगा त्यांच्या डाव्या हाताला बसला. तोच पहिला ताटाशेजारचा.

सगळे ज्यांना अण्णा म्हणत ते भाऊराव तिथं असले म्हणजे पंगतीतून फिरत. अंगात खादी, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, दाढी वाढलेली, पाय अनवाणी. आबांना त्यांचे पाय आठवत. भेगाळलेले, धुळीनं माखलेले, नांगरट करणाऱ्या कुणाही शेतकऱ्याचे असावेत तसे. "आन्नांचं पाय बघितलं की आमास्नी आमच्या बाची आठवण यायची," ते म्हणत. बोर्डिंगच्या पोराला आपण परक्याच्या दारात आलोय असं वाटलं नाही, त्याचं एक कारण ते अनवाणी पाय होते.

मी लहानपणी आबांना विचारलं होतं, बोर्डिंगची खूण काय? शाळेत आमच्या शर्टाला बिल्ला होता, म्हणून विचारलं. आबा उठले आणि मला गावाबाहेरच्या वडाखाली घेऊन गेले.

रयत शिक्षण संस्थेचं बोधचिन्ह वटवृक्ष आहे. तिच्या शाळा-कॉलेजांना शाखाच म्हणतात. सातारा जिल्ह्यात आजही मास्तर सांगतात, 'माझी अमुक शाखेवर बदली झाली.' पण वडाबद्दल आपल्याकडे एक जुनं बोलणं आहे, की वडाखाली दुसरं काही उगवत नाही. मोठ्या माणसाच्या सावलीत धाकटे खुरटतात, असा त्याचा अर्थ. मी हे आबांना मोठी झाल्यावर ऐकवलं. त्यांनी मला एका पारंबीला हात लावायला सांगितलं. फांदीवरून लोंबणारी नव्हे, तर जमिनीत शिरून मांडीएवढी जाड झालेली. "ही लोंबकळत न्हाई. हिनं भार घेतलाय," ते म्हणाले. "पारंबी जमिनीला टेकली की ती खोड हुती. मंग मधलं खोड गेलं तरी वड उभा ऱ्हातो. म्हनून आन्नांनी वड घेतला."

मला आजवर कुणीही बोधचिन्हाचा याहून खरा अर्थ सांगितलेला नाही. आणि आबांच्या डोळ्यांसमोर पारंब्या होत्या. बॅरिस्टर पी. जी. पाटील बोर्डिंगात वाढले, विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि वकिलीत पैसा न करता परत संस्थेत आले. साताऱ्याच्या कॉलेजचे ते प्राचार्य झाले, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. नाव न झालेल्या पारंब्या तर शेकड्यांनी. बोर्डिंगात शिकायचं, मास्तर व्हायचं आणि आडगावच्या एखाद्या शाखेवर जाऊन, देवळात नाहीतर गोठ्यात का होईना, वर्ग भरवायचा. आबांनी तेच केलं. सगळी नोकरी दुष्काळी गावांत.

१९३२ मध्ये पुणे करार झाला. आंबेडकर आणि गांधी यांच्यातल्या त्या कराराची आठवण म्हणून भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढलं. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल, फी नसलेलं आणि राहण्याची सोय असलेलं. संस्थेचं ब्रीद होतं, स्वावलंबी शिक्षण. फुकट काही घ्यायचं नाही, हातानं काम करून शिकायचं. ह्या तारखा आबांना पाठ होत्या, पण त्या सांगून झाल्या की ते स्वतःच्या लग्नाच्या गोष्टीवर येत. त्यांच्या मते बोर्डिंगचा खरा इतिहास तिथं होता.

साल १९४४. सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारचा काळ. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी गावोगाव गांधी लग्नं सुरू केली होती. हुंडा नाही, वाजंत्री नाही, कर्ज काढून जेवणावळी नाहीत. आबांनी तसंच लग्न करायचं ठरवलं. मोजके पाहुणे आणि साधं जेवण. त्यात फलटणकडचा ताटाशेजारचा आला होता.

पुढचं आजी सांगायची, कारण आबा इथं गप्प होत. पंगत मांडली. आबांनी पाहिलं, त्यांचा सोबती ओळीत नाही. गावातल्या कुणी जाणत्या माणसानं त्याला गोठ्याकडच्या पडवीत वेगळी पत्रावळ वाढली होती. आबा काही बोलले नाहीत. भांडले नाहीत. कपाळाला मुंडावळ्या तशाच, त्यांनी आपली पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली आणि पडवीत जाऊन त्याच्या उजव्या हाताला मांडी घातली.

"माझ्या काळजाचं पाणी झालं," आजी म्हणायची. "नवी नवरी मी. बाप समोर बसलेला. कुणाकडं बघावं कळंना. मग म्हटलं, नवरा जिथं जेवतोय तिथंच नवरीनं जेवायचं. उठले आणि गेले." नवरा-नवरी पडवीत बसल्यावर पाहुण्यांना ओसरीत जेवणं अवघड झालं. आधी आबांची आई उठली, मग एक चुलता, मग आजीचा बाप. काही जण जेवल्याशिवाय निघून गेले आणि पुढे कित्येक वर्षं आमच्या घरी आले नाहीत. आजीनं आयुष्यभर त्या दिवसाबद्दल एकच वाक्य सांगितलं: "माझं लगीन पडवीत लागलं."

घराचा तो भाग आम्ही नंतर बांधून काढला. पण आजी असेतोवर दिवाळीचं पहिलं फराळाचं ताट पडवीत वाढलं जाई.

आबांच्या धाकट्या भावाची, तात्यांची गोष्ट कॉलेजातली. जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्य दोन महिन्यांवर असताना, भाऊरावांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. खेड्यातल्या पोरांना कॉलेज म्हणजे पुणं किंवा कोल्हापूर, आणि तिथला खर्च त्यांच्या बापाच्या वर्षाच्या पिकाहून जास्त. इथं कमवा आणि शिका. तात्या १९५५ मध्ये दाखल झाले. सकाळी हातात टिकाव, खोरं, पाटी. खडकाळ रान फोडायचं, दगड वेचून बांध घालायचे, शेत करायचं. मग आंघोळ करून वर्गात. दुपारी इंग्रजी कविता शिकायची आणि सकाळच्या कामानं हाताला आलेले फोड पुस्तकाच्या पानाला चिकटायचे.

तात्या पुढे मोठ्या हुद्द्यावर गेले. निवृत्तीनंतरही ते दोन्ही तळहात पुढे करून दाखवत. घट्टे केव्हाच गेले होते, पण बोटांच्या मुळाशी कातडी जाडच राहिली होती. "आमचा बिल्ला हा," ते म्हणत. "हा शर्टाला लावता येत नाही आणि काढूनही ठेवता येत नाही." कुठं प्रवासात, कचेरीत, लग्नात कुणी म्हाताऱ्या माणसानं हातात हात घेतला की त्या पकडीवरून त्यांना कळे, हा शिवाजी कॉलेजचा. मग विचारपूस व्हायची: कोणतं वर्ष? कोणती तुकडी? दगड फोडले का शेतावर होतास? आणि शेवटी हमखास एक प्रश्न: पंगतीत शेजारी कोण होतं?

एप्रिल १९५९ मध्ये पुणे विद्यापीठानं भाऊरावांना डी.लिट. दिली, तेव्हा ते पुण्यातल्या ससून रुग्णालयात खाटेवर होते. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. ९ मे १९५९ ला ते गेले. तात्या सुट्टीला गावी आले होते. चावडीवरच्या रेडिओवर बातमी आली. आबा शाळेचं दप्तर लिहीत बसले होते. त्यांनी दौत बंद केली, टाक पुसून ठेवला आणि घरी येऊन आजीला म्हणाले, "आज चूल पेटवू नकोस." बाप गेल्यावर पाळतात तसं आमच्या घरानं सुतक पाळलं. गावात आणखी चार घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही. त्या चार घरांच्या चार जाती होत्या.

साताऱ्यात भाऊरावांची समाधी आहे. संस्थेच्या आज सातशेहून अधिक शाखा आहेत. मधलं खोड गेलं, वड उभा राहिला.

आता ताटलीची गोष्ट. आबांच्या शेवटच्या वर्षी मी त्यांना विचारलं, "आबा, तुमचा नंबर ४३ कसा काय पडला?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "माझा नंबर? आगं, ही ताटली माझी न्हाईच."

मग त्यांनी सांगितलं. बोर्डिंगात जाताना आईनं त्यांना पितळेची ताटली दिली होती, तिच्यावर त्यांच्या वडलांचं नाव घातलेलं. पहिले काही दिवस ते तीच शोधून घेत. सगळ्या मुलांच्या ताटल्यांवर काही ना काही खूण असे. कुणाचं नाव, कुणाचा आकडा, कुणाचं फूल. कारण घरच्यांनी बजावून पाठवलेलं असे, दुसऱ्याच्या भांड्यात जेवायचं नाही. पण घासलेल्या ताटल्यांचा ढीग एकच. भूक लागलेली, पंगत बसलेली, आणि ढिगात आपली ताटली शोधत बसायला कुणाला सवड? आधी घाईत दुसऱ्याची यायची, मग कुणी शोधेनासं झालं. जी हाताला येईल ती घ्यायची. कधी ती चांभाराच्या घरची असे, कधी मुसलमानाच्या, कधी पाटलाच्या. सहा वर्षांनी बोर्डिंग सोडताना आबांनी ढिगातून वरची ताटली उचलली आणि पिशवीत टाकली. ती ही. वडलांच्या नावाची पितळी ताटली तिथंच राहिली. दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ती गेली असेल.

"मग ४३ कुणाचा?" मी विचारलं.

"ठावं न्हाई," आबा म्हणाले. "कंच्या जातीचा, कंच्या गावचा, कायबी ठावं न्हाई. पन साठ-सत्तर वर्सं त्याच्या ताटलीत जेवतोय मी."

कॉर्नेलच्या त्या सात मुलांनी स्फिंक्स घेतला, साताऱ्याच्या अण्णांनी वड घेतला. दोन्ही खुणा मोठ्या, आणि दोन्ही खऱ्या. पण आमच्या घराला वारशानं मिळालेली खूण ही. एका अनोळखी मुलाच्या आईनं त्याला दिलेली, आणि माझ्या आजोबांच्या हाताला आलेली.

बोर्डिंगच्या पहिल्या पिढ्या आता जवळपास संपल्या. कॉलेजातली तात्यांची पिढी नव्वदीला टेकली आहे. संस्थेच्या तारखा कागदांत राहतील. पंगत मात्र कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही, ती फक्त त्या माणसांना आठवते. तुमच्या घरात, नात्यात, गावात कुणी बोर्डिंगात राहिलेलं असेल तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. किती मार्क पडले, पुढे काय झालात, हे विचारू नका. एवढंच विचारा, "तुमच्या ताटाशेजारी कोण बसायचं?" आणि ते जे नाव सांगतील ते लिहून ठेवा.

माझ्याकडची ताटली रोज वापरात आहे. तिच्यामागे ४३ हा आकडा आहे. ती कुणाची असेल, तर त्यांनी कधीही यावं. पान वाढलेलं असेल.